नववं कलम

"एकच ताट उरलंय," कढईच्या तळाशी झारा फिरवत खाणावळवाला तुरसुन अका म्हणाला. "आणि तुम्ही दोघं. काय ते आपसात ठरवा."

मेरिमनं मान वळवली. शेजारी एक उंच तरुण उभा होता. खांद्यांवर पावसाचे थेंब, काखेत चामडी बॅग, आणि नजर थेट कढईतल्या गाजरांवर खिळलेली.

"मी आधी आले," ती म्हणाली.

"पाऊल तुमचं आधी पडलं, कबूल. पण हाक मी आधी मारली."

"ओशमध्ये हाका मारून पालोव मिळत नाही, अका. रांगेत उभं राहावं लागतं."

"अका?" त्यानं कपाळाला हात लावला. "एकदम दादाच करून टाकलंत! एवढा थोराड दिसतो मी?"

"बोलण्यावरून अंदिजानकडचे दिसता. सीमेपलीकडच्या पाहुण्याला मान द्यावा म्हटलं."

तुरसुन अका मनातल्या मनात हसला. त्यानं त्या एकाच मोठ्या ताटात पालोवचा गाजर-भात वाढला, वर मटणाचे तुकडे मांडले, दोन चमचे खोचले आणि ताट कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवलं... दोघांच्या बरोब्बर मध्ये.

बाहेर एप्रिलचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. दोघं ताटाच्या दोन कडांकडून जेवू लागली. तिच्याकडचा उझगेनचा तांदूळ सरस की त्याच्याकडचा अंदिजानचा, यावर वाद झाला. वादात एकदा चमच्याला चमचा लागला, आणि दोघंही उगाचच चहाकडे पाहू लागली.

"घाईत दिसता," तो म्हणाला.

"दोन वाजता बैठक आहे. तुमच्याच सरकारबरोबर. इंटरनेटची तार सीमेपलीकडून आमच्या गावात आणायचीय. चार किलोमीटर — फक्त चार! दोन वर्षं नुसते कागद फिरताहेत."

"अडलंय कुठं?"

"नवव्या कलमात. 'दोहोंपैकी कोणताही देश, कोणत्याही क्षणी, कारण न देता ही तार बंद करू शकेल.' ज्या शहाण्यानं हे लिहिलंय ना, तो समोर आला तर विचारणार आहे मी — बाबा रे, जेवत्या माणसापुढचं ताट तू घरीही असंच ओढून घेतोस का?"

त्याचा चमचा हवेतच थांबला. मग त्यानं ताटातला शेवटचा, सगळ्यात चांगला तुकडा हळूच तिच्या बाजूला सरकवला.

"हा तुम्ही घ्या," तो म्हणाला. "तुम्हाला आज ताकद लागेल."

दोन वाजता मेरिम सभागृहात शिरली, तेव्हा समोरच्या रांगेत तोच बसला होता. पुढ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं — एल्योर, मसुदा विभाग, ताश्कंद. तिचे कान तापले. आणि तो मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं कागद चाळत होता. फक्त ओठांचा एक कोपरा त्याला काही केल्या आवरत नव्हता.

मेरिमचं गाव अक-बुलुंग. ओशहून तिथे येणारी तार खिंडीतून यायची आणि दर हिवाळ्यात बर्फाखाली तुटायची. गेल्या फेब्रुवारीत एकोणीस दिवस गावाचा जगाशी संबंध नव्हता. सीमेच्या कुंपणापलीकडे, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उझबेक गावात मात्र लख्ख इंटरनेट. मेरिमची आई बुरुल गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. ओशच्या डॉक्टरांना काही विचारायचं तर ती शिडी लावून दवाखान्याच्या छपरावर चढायची, कारण पलीकडच्या मनोऱ्याचं थोडंसं नेटवर्क फक्त तिथेच सापडायचं. म्हणून मेरिम राजधानीत, बिश्केकच्या मंत्रालयात नोकरीला लागली होती, आणि म्हणूनच तिच्या बोलण्याला धार होती.

"चालू तार एका क्षणात बंद करता येणार असेल," ती त्या दिवशी म्हणाली, "तर तिच्या भरवशावर दवाखाना चालवायचा कसा?"

"सुरक्षेचा प्रश्न दोन्ही देशांचा आहे," एल्योर उत्तरला. पण उत्तर देताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

बैठक निष्फळ ठरली. एवढंच ठरलं, की जूनमध्ये दोन्ही बाजूंच्या एकेका माणसानं जागेची पाहणी करावी. मेरिमचे साहेब कुबानिच बाइके यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कोण जाईल?" आणि समोरासमोरच्या दोन रांगांतून दोन हात एकदम वर झाले.

जूनमध्ये अक-बुलुंगच्या जर्दाळूंना रंग चढला होता. कुंपणाच्या कडेकडेनं दोघं चालत होती. ती खांब मोजत होती, तो वहीत टिपत होता. मध्येच तो पिकलेली जर्दाळू तोडून तिच्यापुढे धरायचा.

"लाच देताय, अका?"

"आधी ते अका बंद करा. मग काय ती लाच ठरवू."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला. आईबापांनी फार विचार करून ठेवलंय."

तिनं जर्दाळू घेतली... पण नाव काही घेतलं नाही.

दवाखान्याशी पोचली, तर छपरावर बुरुल. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा रुमाल सावरत ती ओरडत होती, "पुरळ! पु-र-ळ! छातीवर!... हॅलो?" खाली अंगणात एक तरुण आई तापानं फणफणलेलं तान्हं बाळ घेऊन उभी होती.

"अगं बाई, उभी काय राहिलीस! वर ये," बुरुलनं लेकीला हाक मारली. "आणि तो लांबुटका कोण? त्यालाही आण. उंच आहे, फोन वर धरेल."

ताश्कंदचा मसुदा अधिकारी शिडी चढला. छपराच्या कोपऱ्यावर तो हात उंचावून पाऊण तास उभा राहिला. फोन तुटायचा, तो पुन्हा लावायचा. मेरिम बाळाचे फोटो एकेक करून पाठवत होती. पाचव्यांदा डॉक्टरांचा आवाज नीट आला. औषध ठरलं. संध्याकाळी बाळ घाम येऊन शांत झोपलं, तेव्हा कुठे बुरुलनं एल्योरच्या पुढ्यात रोटी आणि घट्ट साय ठेवली.

"काय करतोस बाळा तू?"

"कलमं लिहितो," तो खाली मान घालून म्हणाला. "एक चुकीचं लिहिलंय."

निघण्यापूर्वी तो मेरिमबरोबर जर्दाळूच्या झाडाखाली बसला. त्यानं वही उघडली. "वरून जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं उतरवलं. विचारलंसुद्धा नाही. आता सांगा, कसं हवं?"

"बंद करायची झाली तर दोन दिवस आधी कळवायचं. लेखी कारण द्यायचं. आणि दवाखान्याचं इंटरनेट — ते कधीच बंद करायचं नाही."

"आणि दोन्ही देशांच्या संमतीशिवाय जोड कायमचा तोडायचा नाही," त्यानं पुढे लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "हे चांगलं आहे, नाही? दोघांच्या संमतीशिवाय... तोडायचंच नाही."

"आपण कलमाबद्दलच बोलतोय ना... एल्योर?"

"कलमाबद्दलच," तो म्हणाला. पण वही मिटताना त्याच्या हातून पेन दोनदा खाली पडलं.

मग बारा दिवस त्याचा फोन नाही, निरोप नाही. मेरिम मंत्रालयात बसून फोनच्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड पाहायची आणि स्वतःवरच चिडायची. गोड बोलणारा, सायरोटी खाऊन जाणारा, बाकीच्यांसारखाच एक! तेराव्या दिवशी अंदिजानला शेवटची बैठक होती. तिनं मनाशी ठरवलं — त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

बघावं मात्र लागलं. तो वाळला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्याच्या शेजारी साक्षात हुर्शिदा ओपा बसल्या होत्या. ताश्कंदच्या खात्याच्या मुख्य, सगळ्यांच्या ओपा, म्हणजे ताई. त्या खोलीत आल्या की पंख्याचाही आवाज कमी होतो, असं लोक म्हणायचे.

हुर्शिदा ओपांनी मसुदा उचलला. "नववं कलम बदललेलं दिसतंय. कुणी बदललं?"

एल्योर उभा राहिला. "मी. जुनंही मीच लिहिलं होतं. ते चूक होतं. बारा दिवस पाच खात्यांचे उंबरठे झिजवलेत. चार सह्या मिळाल्या आहेत. पाचवी तुमची. ती नसेल, तर जुन्या मसुद्याखाली माझं नाव नको."

मेरिमनं मनात दिवस मोजले. बारा दिवस!

"छान बोललास," हुर्शिदा ओपा थंडपणे म्हणाल्या. "पण मी भाषणांवर सह्या करत नाही. गरज एवढी आहे, याला पुरावा काय?"

कुबानिच बाइके काही बोलायच्या आत मेरिमनं घड्याळ पाहिलं, फोन काढला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि नंबर लावला. घंटी वाजली. तुटली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तुटला. दोन देशांचे चौदा अधिकारी त्या फोनकडे पाहत बसले होते. चौथ्यांदा वाऱ्याचा घोंगावणारा आवाज आला आणि त्यातून बुरुल कडाडली, "कोण आहे? लवकर बोला, छपरावर आहे मी!"

हुर्शिदा ओपा पुढे झुकल्या. "ताई, मी ताश्कंदची हुर्शिदा. वय काय तुमचं?"

"एकसष्ट! का?"

"एकसष्टाव्या वर्षी छपरावर काय करताय?"

"तुमची सही होईपर्यंत दुसरं काय करणार? रोज चार ठरलेल्या वेळी चढते! हॅलो?... गेला वाटतं मेला..."

फोन तुटला. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हुर्शिदा ओपांनी पेनाचं टोपण काढलं. ठसठशीत सही केली. मग मेरिमकडे पाहून म्हणाल्या, "आईला सांग, खाली उतर म्हणावं."

टाळ्या वाजल्या. कुबानिच बाइकेंनी समोरच्या माणसाला मिठीच मारली. त्या गोंधळात एल्योर टेबलाला वळसा घालून आला.

"निरोप का नाही दिलास?" ती म्हणाली. कधी 'तू' झालं, तिलाही कळलं नाही.

"हरलो असतो तर काय तोंडानं बोललो असतो?"

"तेच तोंड चाललं असतं," ती पुटपुटली आणि झटकन वळून कागद गोळा करू लागली.

ऑक्टोबरात तार आली. कुंपणाच्या खालून चर खणला गेला. अलीकडचे आणि पलीकडचे कारागीर एकाच तंबूत बसले आणि त्यांनी केसाएवढ्या काचेच्या दोन तारा यंत्रात वितळवून एकमेकींना जोडल्या. दवाखान्यात उद्घाटनासाठी मोठा पडदा लावला होता. पडद्यावर एका चौकटीत ताश्कंदचं सभागृह, दुसऱ्या चौकटीत ओशच्या डॉक्टर. अंगणात सगळा गाव लोटला होता. बुरुलनं नवा रुमाल बांधला होता, आणि पडद्यावरच्या डॉक्टरांचा मोठाच्या मोठा दिसणारा दात पाहून ती म्हणाली, "बाई गं, तुमचा दात किडलाय की!" गावभर हशा पिकला.

भाषणं झाली. मग लोक अंगणात, शिजत्या पातेल्यांकडे निघाले. खोलीत मेरिम आणि एल्योर दोघंच उरली. ती वायरी गुंडाळत होती. गुंडाळलेलीच पुन्हा गुंडाळत होती.

"मेरिम... देखरेखीची कचेरी ओशला होतेय. दोन्ही देशांचा एकेक माणूस. आमच्याकडून मी अर्ज केला. मंजूर झाला."

"देखरेखीला बरं आहे ते."

"मी देखरेखीसाठी नाही येत." तो एक पाऊल पुढे आला. "म्हणजे, येतोय. पण... छपरावर फोन धरून उभा होतो ना, तेव्हा तू बाळाशी बोलत होतीस. तेव्हाच मला कळलं, की आता हे छप्पर सोडून मला कुठं जायचं नाहीये. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आई पुढच्या आठवड्यात मागणी घालायला कानातली घेऊन येईन म्हणते. पण तू हो म्हटलंस तरच. नाही म्हणालीस, तर... तर मी तारेवर देखरेख करीन."

मेरिमच्या हातातली वायर सुटली. ती बोलणार, तोच पडद्याकडून कुणीतरी घसा खाकरला.

"एल्योर," हुर्शिदा ओपा शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या मागे अख्खं सभागृह खुर्च्यांवरून पुढे झुकलं होतं. "आवाज अगदी स्वच्छ येतोय."

दुसऱ्या चौकटीत ओशच्या डॉक्टर डोळे पुसत होत्या. दारात बुरुल उभी होती आणि तिच्या मागे निम्मा गाव टाचा उंचावून पाहत होता. एल्योरचा चेहरा पिकल्या डाळिंबासारखा झाला. तो यंत्र बंद करायला धावला...

"राहू दे," मेरिम म्हणाली.

तिनं त्याचा हात धरला, त्याला पडद्यासमोर ओढून आणलं, आणि दोन देशांना नीट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "हो!"