रिकाम्या डंपरचं वजन

आपला मैला पुढे कुठं जातो, हे मुंबईत कुणी विचारत नाही. मुलुंडच्या मिठागरांमागे एका सांडपाणी केंद्रात त्याचा गाळ वाफ्यांत पसरून उन्हात वाळवतात आणि भेगाळला की डंपरमध्ये भरतात. कुंदा तिथं वजनकाट्यावर होती. डंपर भरून निघाला की तोलायचा, रिकामा परतला की पुन्हा तोलायचा, एवढंच तिचं काम.

तिचा नवरा राजाराम याच वाफ्यांवर कामाला होता. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी तो चार नंबरच्या वाफ्याकडे गेला तो गेलाच. कुणाचा तरी हात धरून पळाला असेल, असं मुकादम म्हणाला, आणि लोकांनाही तेच गोड वाटलं. लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं? कुंदा मात्र तो पळाला की मेला, या एकाच प्रश्नानं रोज जळत होती.

मग एका दुपारी चार नंबरच्या वाफ्यातला गाळ तीन महिन्यांत पहिल्यांदा उचलला. विशालचा डंपर गाळ टाकून परतला, तर वजन नेहमीपेक्षा साठ किलो जास्त. तिनं त्याला हौदा झाडायला लावला. तरी साठच. तिला बसवेना. ती डंपरभोवती फिरली, चाकांखाली वाकून पाहून आली.

"कुंदाताई, हौद्यात काय नाय," विशाल हळूच म्हणाला. "पण येताना मागून कोणतरी केबिनवर थापा मारत होतं..."

मागे बसलेल्या मजुराला उतरायचं असलं की तो अशाच थापा मारतो. कुंदानं डंपर पुढे घ्यायला सांगितला. डंपर काट्यावरून उतरला. पडद्यावर साठ तसेच राहिले.

बाहेर टळटळीत ऊन होतं आणि काट्यावर कुणी नव्हतं. ओल्या गाळाचा वास मात्र दाटला होता. कुंदा काट्यावर जाऊन उभी राहिली. ती पन्नास किलोंची, राजाराम साठचा. तिच्या खोलीच्या खिडकीवरचा लाल आकडा एकशे दहा झाला.

म्हणजे तो पळाला नव्हता. तिला रडू फुटलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग शेजारून गार ओल तिच्या दंडाला लागली. तिला घरी वाट बघणारी मानसी आठवली, त्यांची पाच वर्षांची पोर.

"तुम्ही इथंच थांबा हो," ती कशीबशी म्हणाली. "पोर घाबरेल... मी येते ना उद्या."

ती पाऊल मागे घेत काट्यावरून उतरली आणि तिनं वर पाहिलं.

आकडा शून्यावर आला होता.