हिरवी बाजू वर

आयर्लंडच्या मेयोतल्या त्या डोंगराळ दलदलीवर नोरीन दर उन्हाळ्यात रोपांची पाहणी करायला यायची. या खेपेला मात्र तिचं अर्धं लक्ष रोपांवर होतं आणि अर्धं फेस्टसकाकावर.

गेल्या ऑक्टोबरात तिचे वडील मॅलकी इथूनच नाहीसे झाले. त्यांना दलदल राखीव करायची होती, काकाला चुलीसाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायचं होतं. दोघा भावांचं त्यावरून वाजलं होतं. 'उजव्या हाताला तर्जनी नाही' ही खूण सांगून पोलिसांनी सगळीकडे विचारलं, मग तेही थकले. काका म्हणायचा, रागाच्या भरात इंग्लंडची बोट पकडली असेल, डोकं थंड झालं की येईल. काकाच्या स्वयंपाकघरात चहा पिताना नोरीनला ते पटायचं. बाहेर पडलं की पटेनासं व्हायचं.

वरच्या डबक्यापाशी तिला एक काळा चौकोन दिसला. भोवती मॉसची शेवाळी गादी, कापसासारखे पांढरे तुरे, आणि मधेच मुळं वर करून उलटा पडलेला हिरवळीचा तुकडा. पीट कापण्याआधी वरची हिरवळ सोलून काढतात, नंतर परत अंथरतात, हिरवी बाजू वर. नाहीतर दलदल मरते. इथलं शेंबडं पोरही यात चुकत नाही.

शिवाय इथे कधी कुणी पीट कापलंच नव्हतं.

तिने तो जड, निथळणारा तुकडा मोठ्या कष्टाने सुलटा केला. खालच्या बाजूला दवबिंदूची, म्हणजे किडे खाणारी, लाल रोपं ताजी टवटवीत होती. पानांवरचे चिकट थेंबसुद्धा चमकत होते. म्हणजे उलटवून फार वेळ झाला नव्हता. काका नुकताच इथे येऊन गेलाय, आपल्यावर पाळत ठेवतोय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुकडा पुन्हा उलटा होता. चिखलात तिच्याच बुटांचे कालचे ठसे होते. पाणलावा पक्ष्याच्या पायांचेही होते. माणसाचे दुसरे नव्हते. तिने तो पुन्हा सुलटा केला आणि तडक काकाचं घर गाठलं.

काका पाव कापत होता.

"काका, वरच्या डबक्यापाशी हिरवळ कुणी उलटी टाकलीय?"

"उलटी कशी असेल? मी सुलटीच ठेवली होती."

सुरी थांबली. काकाने तिच्याकडे पाहिलं नाही. इतके महिने जे मनात होतं, ते आता समोर बसलं होतं.

"तू नीट केलीस का?" त्याने हळूच विचारलं.

"दोनदा."

"दोनदा," काका म्हणाला. त्याने सुरी खाली ठेवली. "पोलिसांना बोलव, पोरी. सगळं सांगतो. फक्त मला तिकडे नेऊ नकोस."

तिने फोन केला आणि त्यांची वाट न बघता वर धावली.

तुकडा उलटा होता.

तिने तो उचलला. खालच्या बाजूच्या मॉसमध्ये हाताने दाबल्याचे खोल खड्डे होते. एक अंगठा. तीन बोटं.

दाबलेलं मॉस हात काढताच फुगून वर येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते खड्डे अजून भरत होते.