आटलेली लाल टोपी

सव्वीस जानेवारीच्या सकाळी अश्विन वर्दी घालून अंगणात उभा होता, डोक्यावर गडद लाल टोपी, छातीवर पंखांचा बिल्ला... आणि उंबरठ्याच्या आत बायजाबाई आपला उजवा हात पदराखाली दाबून उभी होती. हात तिचाच, पण त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता. घरातून कोणी बाहेर निघालं की तो आपोआप त्याच्या पाठीकडे उठायचा. आज तो उठला आणि पोरगा सात वर्षांपूर्वीसारखा खांदा चोरून निघून गेला, तर सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर बायजाबाईला मान खाली घालावी लागली असती, आणि ते काम तिला जन्मात जमलं नव्हतं!

"निघतो," अश्विन जमिनीकडे पाहत म्हणाला. मग उगाचच क्षणभर तिथेच थांबला, जसं काही विसरलं आहे. बायजाबाईचा हात पदराखालीच राहिला. अश्विन फाटकाबाहेर पडला.

मागे राहिलेली सून रत्नमाला हळूच म्हणाली, "आई, हे तिकडं क्वार्टरमधूनही निघताना असेच दारात थांबतात. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही."

बायजाबाई एवढंच म्हणाली, "तू जाय पुढं. मले लुगडं बदलू दे. फौजीची माय म्हनून बसाचं आहे तथी, धुन्यावरची बाई म्हनून नाही."

त्या हाताची सवय तिला लावली होती तिच्या नवऱ्याने, तेजरामने.

तेजराम फौजेतला छत्रीधारी होता, विमानातून उडी घेणारा. साऱ्या सानगडी गावात तसा दुसरा माणूस नव्हता. पहिली बायको बाळंतपणाच्या तापात गेली तेव्हा अश्विन पाळण्यात होता, आणि बायजाबाई लग्न होऊन आली ती त्या पोराला कडेवर घेऊनच घरात शिरली. ओल्या हळदीच्या हातांनी तिने त्याचा शेंबूड पुसला, आणि बोलायला लागल्यावर त्याचा पहिला शब्द निघाला तो 'माय'. पोटचं मूल तिला झालं नाही. तिलाही त्याची उणीव कधी भासली नाही.

तेजराम सुट्टीवर आला की विहाराच्या ओट्यावर सारी आळी गोळा व्हायची. तो सांगायचा, "विमानाचं दार उघडलं का वारा गालफडं धरून ओढते. खाली बांध्या दिसते, आपल्या धानाच्या बांध्यांवानी, पन हातरुमालाएवढ्या. पाय म्हनते जाऊ नको, उस्ताद म्हनते जा. अन् छत्री उघडली का मंग असा सन्नाटा, का आपल्याच छातीचा ठोका ऐकू येते." भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं की तो हसायचा. "वाटते ना. पन आपल्या मागच्यानं आपली पाठ तपासलेली रायते. आपली पाठ आपल्याले दिसत नाही गा, म्हनून मागं मानूस लागते."

विमानात उडीआधी प्रत्येकजण पुढच्याचे पट्टे, आकडे, दोरी तपासतो, सारं नीट असलं की त्याच्या पाठीवर जोराची थाप मारतो आणि 'ठीक' म्हणतो. ती रीत तेजरामने घरात आणली. अश्विन शाळेला निघाला की त्याला पाठमोरा उभा करायचा, दप्तराचा पट्टा, सदऱ्याची बटणं, चपलेचा अंगठा पाहायचा आणि थाप द्यायचा. बायजाबाई धानाच्या रोवण्याला निघाली तरी तेच! भर आळीत नवरा बायकोच्या पाठीवर थाप मारतो म्हणून म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या, आणि बायजाबाई वरून फणकारायची, पण थाप घेतल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया फुटून वेगळा जिल्हा झाला त्याच साली, पेन्शनीत येऊन जेमतेम घरी टेकलेला तेजराम छातीच्या कळेने गेला... भरल्या घरातून जसा कोणी खांबच उपसून न्यावा! सिहोऱ्याहून तिचा भाऊ केवळराम आला आणि समजूत घालू लागला, की तू अजून तरणी आहेस, पोटचं कोणी नाही, माझ्यासोबत चल, पुढचं पाहू. पोराला त्याचे मामा नेतील. बायजाबाईने त्याला जेवू घातलं आणि मग विचारलं, "अन् हा कोनाचा व्हय? मले का बोडीच्या पाळीवर सापडला?" केवळराम दुसऱ्या दिवशीच्या गाडीने एकटाच परतला.

आणि मग ते टोपीचं झालं.

तेजरामच्या पुण्यानुमोदनाला, विहारातल्या श्रद्धांजलीला, त्याच्या फोटोपुढे त्याची लाल टोपी ठेवायची होती. टोपीवर धूळ होती, आत घामाचा पट्टा होता. आपल्या नवऱ्याची टोपी चारचौघांत मळकी दिसावी, हे बायजाबाईला कसं सोसावं! तिला धुण्याची एकच रीत ठाऊक होती, तीच तिच्या आईची, तीच आजीची. सोडा टाकून उकळतं पाणी, त्यात कपडा, आणि मग बोडीच्या, गावतळ्याच्या, दगडावर आपटणं. धोतर, गोधडी, लुगडं, साऱ्यांना तिने आजवर तोच न्याय लावला होता. लोकरीची वस्तू त्या घरात दुसरी कधी आलीच नव्हती. तिने ती टोपी जीव लावून धुतली, डोळ्यांतल्या आसवांनी धुतली म्हणा ना... आणि उन्हात वाळली तेव्हा ती आटून नारळाच्या करवंटीएवढी झाली होती.

दहा वर्षांचा अश्विन ती टोपी घालून रोज आरशासमोर सलाम ठोकायचा. त्याने ती उचलली, डोक्यावर ठेवली, ती नुसती टाळूवर बसली. त्याने एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि नेमकी त्याच वेळी कुंपणापलीकडून सुमनबाई म्हणाली, "सावत्र ते सावत्रच व माय. पहिलीच्या पोराले बापाची टोपीबी पुरू देल्ली नाही."

पोराने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याच्या तोंडातला 'माय' गेला. हाक मारायचीच वेळ आली तर तो लोकांसारखं 'बायजाबाई' म्हणू लागला.

ती एक शब्द बोलली असती तर? पण ज्या पोराला आपण घासातला घास भरवला, त्याच्यासमोर उभं राहून मी मुद्दाम नाही केलं असं सांगायचं, जसं काही कचेरीत जबानी द्यायची... ते बायजाबाईच्या रक्तातच नव्हतं. सुमनबाईचा तिने सात पिढ्यांसकट उद्धार केला, मुलाशी मात्र मुकी राहिली. चिखलात वाकून रोवणा केला, उन्हात धान मळायचा चुरणा केला, पोराला मॅट्रिक केलं, बारावी केलं. रोज सकाळी त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि रोज तो लाकडासारखा ताठ उभा राहून ती सोसत गेला.

फौजेत निवड झाली, निघायचा दिवस आला. बायजाबाईने पिशवीचे बंद तपासले, हात उचलला... अश्विनने खांदा बाजूला घेतला. "राहू द्या, बायजाबाई." एवढं म्हणून तो बस गाठायला निघून गेला आणि तिचा हात हवेतच राहिला. भर पावसात बोडीची पाळ फुटावी तसं तिचं अंतःकरण फुटलं, पण डोळ्यांतून थेंब पडला तो घरात शिरून दार लावल्यावरच.

बापासारखाच तोही छत्रीधारी झाला, ही बातमी तिला तेजरामच्या पलटणीतल्या टिकारामने आणून दिली. तेव्हा आठवडी बाजारात असा एक भाजीवाला उरला नाही ज्याला बायजाबाईने ते सांगितलं नसेल. वांगी निवडता निवडता सांगायची, "घ्या मोजून नीट. माह्या पोराच्या डोळ्याखाली अख्खा जिल्हा रायते, त्याले वरून दिसते." त्याच्या लग्नाला ती नागपूरला गेली, शेवटच्या रांगेत बसली आणि जेवून परतली. घरी मात्र तो आज, टिकारामने जिल्ह्यातल्या छत्रीधाऱ्यांचा सत्कार ठेवला म्हणून, पहिल्यांदाच आला होता.

शाळेच्या मैदानावर सारं गाव जमलं होतं. टेबलावर तेजरामचा फोटो, त्याला हार. साकोलीकडचे दोन म्हातारे छत्रीधारी काठी टेकत आले होते, पण नाव पुकारताच दोघेही असे ताठ झाले की काठ्या खुर्चीपाशीच विसरले. टिकारामने बायजाबाईला पहिल्या रांगेत बसवलं. सुमनबाई दोन खुर्च्या सोडून बसली होती, तिच्याकडे बायजाबाईने पाहिलंसुद्धा नाही.

अश्विनने माईक हातात घेतला आणि पहिल्या उडीचं सांगू लागला. आग्र्याचं आभाळ, दारातला वारा... बायजाबाईला वाटलं, ओट्यावरून तेजरामच बोलून राहिला. "अन् मागच्यानं पाठीवर थाप देल्ली," अश्विन म्हणाला, "तर मले वाटलं, हे थाप माह्या ओळखीची आहे. मंग भेव नाही वाटलं."

मग तो हसला. "एक गंमत सांगतो. हे टोपी नवी भेटते तवा तव्यावानी चपटी रायते. गरम पान्यात बुचकळून, डोक्यावर वाळवून तिले आकार देतात. मी ज्या दिवशी कमावली त्या दिवशी मले कुठला धीर! उकळत्या पान्यात टाकली, साबन लावला, खसाखसा घासली. सकाळी पाहतो तर करवंटी. सारी बराक पोट धरून हसली."

मैदानही पोट धरून हसलं. हसली नाही ती पहिल्या रांगेतली एकच बाई. आणि दोन खुर्च्या सोडून बसलेल्या सुमनबाईची मान खाली गेली.

"ते सारे हसून राहिले होते," अश्विन हळूच म्हणाला, "अन् मी न्हानीघरात जाऊन रडलो. काहून, ते एकाच मानसाले ठाऊक आहे."

शाल, नारळ घेऊन तो खाली उतरला, पण खुर्चीकडे गेला नाही. सरळ बायजाबाईसमोर येऊन उभा राहिला. मग त्याने तिच्याकडे पाठ फिरवली, खांदे सरळ केले आणि थांबला. "तपास ना, माय."

बायजाबाई सावकाश उठली. तिने घाई केली नाही. पट्टा पाहिला, कॉलर पाहिली, बुटाची नाडी वाकून पाहिली. "इतक्या वर्साआधीच समज आली, तर सांगाले तोंड नव्हतं का तुले?"

"लाज वाटे, माय."

"लाज बापावर गेली नाही तुही, माह्यावर गेली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला. "ते टोपी आहे पेटीत. टाकीन कायले? तुह्या बापाची होती."

आणि तिने हात उचलला. अशी थाप बसली की माईकवर बोलणारा टिकाराम अर्ध्या वाक्यात थांबला.

"ठीक," बायजाबाई म्हणाली. "जाय आता, बस जाग्यावर."

पण अश्विन गेला नाही. तो वळला आणि म्हणाला, "आता तू फिर."

"मी कायले?"

"फिर तर."

ती फिरली. तेजराम गेल्यापासून तिची पाठ कोणी पाहिली नव्हती. अश्विनने तिच्या खांद्यावर अडकलेली तणसाची काडी काढली, घाईत उलटा गेलेला पदर सरळ केला, आणि मग, साऱ्या गावादेखत, त्याचा हात तिच्या पाठीवर पडला.

"ठीक आहे, माय."

बायजाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान ताठ होती.