न्हाणीत घुमलेलं गाणं

“ओऽ थांबवा की!” एवढंच ओरडले मी, आणि सुटलेली कंग्राळीची बस कचकन थांबली. धापा टाकत चढले, तर कंडक्टर म्हणतो, “पोरगी व्हय ही? मला वाटलं कोण बाप्या बोंबलतोय!” सगळी बस फिदीफिदी हसली. माझा आवाज जन्मापासून जाड, त्याला मी काय करू?

हसला नाही तो एकटाच. मांडीवर भलंमोठं टेपमशीन तान्ह्या बाळागत धरून बसलेला.

“गाता काय हो तुम्ही?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला... मला तो आवाज पायजे.”

“आन मी काय मुकी फिरू?”

आता मात्र तो हसला. आणि काय सांगू, माझा सगळा राग कुठल्या कुठे पळाला मेला!

तो परशराम. माझ्या मावशीच्याच गल्लीतला निघाला. शिवणकाम शिकायला मी खानापूरकडनं मावशीकडं राहायला आले होते. साल ब्याऐंशी. गावात लक्ष्मीची यात्रा भरणार होती, आणि स्पीकरवर लावायला देवीच्या गाण्याची टेप करायचं काम परशरामकडं आलं होतं.

त्याच्या घरातली एक खोली म्हणजे स्टुडिओ. बाहेरच्या म्हशी आत ऐकू येऊ नयेत म्हणून भिंतींना वाकळा टांगलेल्या. आवाज घुमवायला पठ्ठ्यानं न्हाणीत स्पीकर ठेवला होता, आणि त्याच्यासमोर दुसरा माईक. मी खोलीत गायचे, गाणं न्हाणीच्या दगडी भिंतींत घुमायचं आणि मग टेपवर उतरायचं. देवळात गायल्यासारखं! त्याची आई, मनुबाई, खांद्यावर लुगडं टाकून दाराशी उभी. “परशा, मी आंघोळ यात्रा झाल्यावर करायची काय रं?”

तो माईक बोटभर सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा सरकवायचा. “मालू, तोंड जरा इकडं... हां. डोळे मिटलेस तरी चालंल.” मी कशाला मिटतेय? असं जीव ओतून काम करणारं माणूस मी आधी पाहिलंच नव्हतं.

पण यात्रेचे पुढारी नागोजीअण्णा टेप ऐकून म्हणाले, “छ्या! पोरीचा आवाज कसा बारीक पायजे.”

चार दिवसांनी परशरामनं मला बोलावलं. मशीनच्या फिरत्या खुंटीवर त्यानं चिकटपट्टीचे वेढे दिले होते. खुंटी जाड झाली तशी टेप भरभर पळाली, आणि आतनं कुणीतरी नाजूक बाई गायला लागली.

“अण्णा खूश झाले,” तो म्हणाला.

“कोण ही?”

“तूच की.”

“मी न्हाय!” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. “बसमधली हसली त्याचं काय न्हाय रं. पर तू... तुला तर माझा आवाज पायजे होता ना? माझा लावणार नसशील तर काहीच लावू नकोस.”

आणि मी तडक निघून आले.

यात्रेच्या दिवशी सकाळी मंडपात मावशीच्या मागं मान खाली घालून बसले होते. स्पीकर खरखरला... आणि माझाच आवाज! जाड, भरलेला, घुमणारा. ओटीची ताटं घेतलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. नागोजीअण्णा तावातावानं उठले, तर त्यांची म्हातारी आई यशोदाबाई कडाडली, “बस खाली! ऐकू दे मला.”

गाणं संपलं. टेप चालूच. पुन्हा खरखर, आणि मग परशरामचा हळू, घुमलेला आवाज साऱ्या गावावर पसरला — “आई लक्ष्मी, हा आवाज रोज ह्याच घरात ऐकाय मिळू दे...”

पाठोपाठ टेपवरच मनुबाई. “मिळंल रं बाबा, पर आधी माझी न्हाणी रिकामी कर!”

अख्खी यात्रा खो खो हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशीनं मात्र हसत हसत मला कोपरानं ढोसलं. “जा की गं!”

मंडपामागं तो मशीनजवळ उभा होता. कान लालभडक.

“शेवटचं ते कापायचं राहिलं व्हय?”

“ब्लेड हातात हुतं.”

“मग?”

“चिकटपट्टी सोडवून टाकली, मालू. तुझा आवाज खरा ठेवला... तर म्हटलं, माझाबी खराच राहू दे.” त्यानं मान वर केली. “चुकलो का गं?”

अण्णा आता परत काम देणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी बघत होता तो फक्त माझ्याकडं.  कंग्राळीची बस पुन्हा एकदा थांबली असती, एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले —

“न्हाय!”