तिसऱ्या घुमटातली गळती

"हे तीनशे बारा जरा एकशे बारा करा," प्रशासक लोखंडे म्हणाले. चहात साखर कमी घाला म्हणावं, इतक्या सहज.

मुख्य गणक शरयू ढोमणेने मान वर केली नाही. मंगळावरच्या या वसाहतीत दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता भोजनगृहात सगळ्यांसमोर आकडे वाचले जात. त्याआधी ते कुणालाच दाखवायचे नसत. पण लोखंडेसाहेबांनी ते कुठून तरी मिळवले होते आणि नऊलाच येऊन ठाण मांडलं होतं.

"धूळफुप्फुसाचे रुग्ण तीनशेच्या वर गेले, तर पृथ्वीवरून आलेलं यान माणसं न उतरवताच परत जाईल. सहाशे माणसं आहेत त्यात, ढोमणेबाई. ती नाही आली तर खाण चालायची कशी?"

"आणि उतरल्यावर त्यांनाही हाच आजार झाला तर?"

"ते पुढचं पुढे बघू."

"साहेब, एकटा आकडा बदलता येत नाही. सगळे आकडे मेळजाळ्यात एकमेकांना बांधलेत. कुठे जुळलं नाही, की जाळं स्वतःच त्याचं कारण शोधतं. या रुग्णांना प्राणवायू जास्त द्यावा लागतो. दोनशे जण कागदावर बरे केले, तरी तेवढाच प्राणवायू खर्च होणार. मग तो गेला कुठे, असं जाळं विचारेल."

"मग प्राणवायूचाही आकडा कमी करा."

"तो मी लिहीत नाही. नळीतलं मापक लिहितं."

लोखंडे उठले. त्यांनी उभ्याउभ्याच शरयूचा नोंदी बदलण्याचा अधिकार काढून स्वतःकडे घेतला आणि तिच्या खुर्चीत बसून नावांपुढच्या आजारपणाच्या खुणा एकेक करून पुसायला लागले. सतरावं नाव दिगंबर ढोमणे होतं. शरयूचा नवरा गेले आठ महिने तिसऱ्या घुमटातल्या रुग्णालयात पडून होता आणि आता एका बोटाने ठणठणीत झाला होता.

नऊ पंचवीसला भोंगा वाजला. पडद्यावर अक्षरं आली: तिसरा घुमट. गळती. दारे बंद, हवापुरवठा बंद.

जाळ्याला कारण सापडलं होतं. आजारी माणसं तेवढी नाहीत आणि प्राणवायू मात्र संपतोय, म्हणजे घुमट फुटला. फुटलेला घुमट बंद करून बाकीची वसाहत वाचवायची, हा पहिल्या वसाहतकऱ्यांनी केलेला नियम. त्यात चूक काढावी असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. आतली हवा धडधाकट माणसाला तासभर पुरली असती. रुग्णांना वीस मिनिटंही कठीण होती.

"उघडा ते," लोखंडे ओरडले.

"माझा अधिकार तुमच्याकडे आहे. शिवाय ज्याने खूण पुसली, त्यालाच ती परत लावता येते. कारण लिहून."

त्यांनी लिहिलं: टंकनदोष. जाळ्याने उत्तर दिलं: जुळत नाही. दोनशे वेळा बोट घसरत नसतं. त्यांनी लिहिलं: फेरतपासणी. रुग्णालयात तशी नोंदच नव्हती. जुळत नाही. नऊ छत्तीस झाले.

"साहेब, खरं लिहा," शरयू म्हणाली. "दिगंबर आत आहे."

"ते कारणही सगळ्यांसमोर वाचलं जाईल."

"जाईल."

लोखंडेंनी पुन्हा काहीतरी गुळमुळीत लिहून पाहिलं. तेही जुळलं नाही. नऊ चव्वेचाळीसला त्यांनी खरं ते लिहिलं आणि तिसऱ्या घुमटाची दारं उघडली. शरयू धावत गेली.

दहा वाजता भोजनगृह भरलं होतं. यानातही आवाज पोचत होता. अधिकार परत मिळालेली शरयू कागद घेऊन उभी राहिली.

"धूळफुप्फुसाचे रुग्ण, तीनशे अकरा," तिने वाचलं. "आकड्यात एकदा ढवळाढवळ झाली. नोंदलेलं कारण: यान परत जाऊ नये म्हणून मी दोनशे रुग्ण लपवले. सही, प्रशासक लोखंडे."

कुणीतरी उठून उभं राहिलं. तिने हातानेच थांबा म्हटलं, कारण एक ओळ उरली होती.

"मृत्यू, एक."

आकडे वाचताना मृतांची नावं घ्यायची नसतात. शरयूने दिगंबरचं नाव घेतलं नाही.