तिने ओ दिली

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीची आहे, आणि ती ऊठसूट घाबरणाऱ्यातली नाही.

रात्रीची म्हणाल तर तीही नाही. भर दुपारची. ऑफिसात लख्ख उजेड होता, खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालू होती आणि कोपऱ्यात कुणीतरी प्रिंटरशी भांडत होतं.

ताई, म्हणजे ही माझी मावसबहीण, सर्व्हरचा कोड लिहिते. तिच्या कंपनीची एक डबी आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात अडकवायची. मदत लागली की बटण दाबायचं. डबी सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवते, हाकच मारते म्हणा ना. सर्व्हर जवळचा मदतनीस शोधतो आणि रिस्पॉन्स धाडतो. कोण येतंय, कुठल्या घरून येतंय, ते डबी मोठ्याने बोलून दाखवते. तेवढ्यानेच अर्धा धीर येतो.

मदत निघाली, असं उत्तर मिळेपर्यंत मात्र डबी गप्प बसत नाही. पुन्हा पुन्हा हाक मारत राहते.

शिंपीकाका हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. कपडे शिवण्यात हयात गेलेली, मागेपुढे कुणी नाही. उठल्यासुटल्या बटण दाबायचे. मदतनीस धापा टाकत पोचला की म्हणायचे, "काही नाही हो, म्हटलं जरा बोलावं कुणाशी तरी."

एक दिवस ते गेले. खुर्ची दाराशी ओढून, तिच्यावर बसल्या बसल्याच.

ऑफिसने त्यांचं नाव काढून टाकलं. डबी परत आली. ताईनेच तिचा सेल काढला आणि डबी टेबलाच्या खालच्या खणात टाकली.

आणि त्या दुपारी तिच्या स्क्रीनवर एक रिक्वेस्ट आली...

नंबर शिंपीकाकांच्या डबीचा.

बॅटरी, शून्य.

कुठून आली, त्या रकान्यात काहीच नाही.

सर्व्हरने शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, चारशे चार. म्हणजे, असं इथे कुणी नाही. जरा वेळाने तीच रिक्वेस्ट. पुन्हा चारशे चार. पुन्हा रिक्वेस्ट...

ताईने खण उघडला. डबी तिथेच होती. मागचं झाकण उघडं, सेलची जागा रिकामी.

तिच्या शेजारी जो बसतो त्याला सगळे 'बॅकअप' म्हणतात, कारण तो घरची किल्लीसुद्धा तीन ठिकाणी ठेवतो. "कुणीतरी नंबर चोरून टवाळक्या करतंय," तो म्हणाला. "तू त्याला दोनशे दे आणि मोकळी हो."

दोनशे म्हणजे, सगळं ठीक, मदत निघाली.

"पण मदतनीसाचा पत्ता कुठला देऊ?"

"अगं, कुठलाही दे! तिथे आहे कोण ऐकायला?" असं म्हणून तो चहाला निघून गेला.

ताईने कोडमध्ये चार ओळी घातल्या. या नंबरची रिक्वेस्ट आली तर दोनशे द्यायचं. मदतनीसाच्या नाव-पत्त्याच्या जागी तिने तेच टाइप केलं जे ती टेस्टिंगच्या वेळी नेहमी टाकते. तो पत्ता तिच्या बोटांना पाठ होता, डोकं लावावं लागत नव्हतं.

तिच्या आईचं नाव, आईचा पत्ता. म्हणजे माझ्या मावशीचा. मावशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहायची.

रिक्वेस्ट आली. रिस्पॉन्स गेला.

आणि बंद खणातून...

"मदत निघाली आहे," डबी बोलली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मावशीचं नाव. इमारत. मजला. दाराचा नंबर.

ताईने खण ओढला. सेलची जागा अजून रिकामीच होती.

लहानपणी मावशी आम्हा सगळ्या पोरांना बजावायची, "अनोळखी हाकेला ओ देऊ नये रे. ओ दिली की ते घर शोधत येतं." आम्ही तिची टर उडवायचो. इथे ताईने ओ तर दिलीच होती, वर घरही सांगून बसली होती.

तिने त्या ओळी पुसल्या. पण एकदा गेलेला रिस्पॉन्स परत बोलावता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने लगेच आईला फोन लावला.

"बोल गं," मावशी म्हणाली. "आज कामाच्या वेळेला आईची आठवण?"

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? थांब हं जरा..."

"काय झालं?"

"काही नाही. दारावर कुणीतरी आलंय."

"उघडू नकोस! आई! आई, ऐक!"

पावलं. मग कडीचा आवाज.

मग लांबून मावशीचा आवाज आला, अगदी अगत्याचा.

"या, या. बसा ना."

फोन बंद झाला.

ताई होती तशी धावली. टॅक्सीतून मावशीच्या शेजारणीला फोन करून करून बोटं दुखली, पण तिकडे कुणी उचलेना. ती पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून दाराशी ठेवलेली. रिकामी. समोर मावशी चहा घेत बसलेली. दुसरा कप खुर्चीजवळच्या स्टुलावर होता, वर साय आलेला, कुणी तोंड न लावलेला.

"हळू," मावशी कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. लांबून आलेत बिचारे."

"कोण, आई?"

"मला काय माहीत? शिवणकाम करायचे म्हणाले. तूच तर पाठवलंस ना?"

ताई जवळ गेली. मावशीच्या गाऊनवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, निळ्या खडूची सरळ रेघ होती...

त्या घरात खडूचा तुकडासुद्धा नव्हता.

ताईने तिला अंगावरच्या कपड्यानिशी आपल्या घरी आणलं. निघताना मावशी रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "येते हं."

तेव्हापासून ताई घरूनच काम करते. मावशी मजेत आहे. चवीने जेवते, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालते. पण रोज दुपारी ती रिक्वेस्ट येते. तोच नंबर, बॅटरी शून्य. फरक एवढाच, की 'कुठून' या रकान्यात आता मावशीच्या कुलूपबंद घराचा पत्ता असतो. बॅकअपने तो नंबर अडवून पाहिला. शेवटी डबी हातोडीने फोडली. तरी रिक्वेस्ट येतेच. आता तो चेष्टा करत नाही.

सर्व्हर चारशे चार देतो. आणि नेमकी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मावशी मान वर करते...

"अगं, कुणीतरी हाक मारतंय. ओ दे ना."

"तूच म्हणायचीस ना आई, देऊ नये म्हणून?"

"ते अनोळखी माणसाला. हे काय अनोळखी आहेत?"

"मला त्यांची भीती नाही वाटत रे," ताई मला म्हणाली होती. "आईला त्यांची सोबत आवडायला लागलीय, त्याची भीती वाटते. इतकी वर्षं ती एकटी होती आणि मी फक्त फोन करत राहिले."

परवा तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

त्या दुपारी रिक्वेस्ट आलीच नाही म्हणे.

ती स्क्रीनकडे बघत बसली. आधी तिला हायसं वाटलं. सुटलो बाई एकदाचे, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा.

मग तिच्या लक्षात आलं...

डबी गप्प कधी बसते? उत्तर मिळालं की.

ती बाहेरच्या खोलीत धावली. दाराची कडी काढलेली होती. खुर्ची दाराशी ओढलेली होती. स्टुलावर दोन कप चहा, वाफाळता.

"तू देईनास," मावशी हसून म्हणाली, "मग मीच दिली."

मी उद्या त्यांच्याकडे जातोय. ताईने मला दहा वेळा बजावलंय, "खाली आलास की फोन कर, मी येऊन दार उघडते. बाहेरून हाक मात्र मारू नकोस."

"आई लगेच ओ देते."