जाणता धागा

आपल्याकडे शेपूट घालणं म्हणजे घाबरून माघार घेणं. इचलकरंजीच्या जलविहार तलावावर मात्र दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चार वाजता सहा मुलं शेपूट घालायला रांग लावत, आणि आधी नंबर कुणाचा यावरून भांडतही. सहातली पाच उभी असत. सहावी, दहा वर्षांची मृदा चौगुले, चाकांच्या खुर्चीत.

जलपरीसारखं पोहायला शिकवणाऱ्या सुनेत्रा मगदूम कडक बाई होत्या. सहाच मुलं घेणार. सातवं आलं तर पुढच्या तुकडीत. आधी शेपटीशिवाय तलावाच्या दोन फेऱ्या मारून दाखवायच्या. छातीभर पाण्यापलीकडे जायचं नाही. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, कारण त्याने हवा संपत आल्याचं शरीराला कळतच नाही आणि मूल पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होतं. वर आलं की जोडीदाराच्या तळहातावर टाळी द्यायची. टाळी ऐकू आली नाही की बाई कपड्यांनिशी पाण्यात उतरत.

मुलाचे पाय एकत्र बांधून त्याला पाण्यात सोडायचं ही कल्पनाच मुळात वेडेपणाची, असं त्या स्वतःच म्हणत. या वर्गाला त्यांनी दोनदा नकार दिला होता. मग जाणता धागा आला. मेंदूने पायांना हुकूम धाडला की स्नायूंत विजेची एक बारीक लहर उठते. शेपटीच्या मधोमध, कमरेपासून घोट्यापर्यंत विणलेला हा धागा ती लहर कातडीवरून ओळखतो. घाबरलेलं मूल सगळ्यात आधी पाय फाकवू पाहतं. ते पाय हलायच्या आतच धागा आपल्या गाठी सोडतो आणि शेपटी वाटाण्याच्या शेंगेसारखी उकलते. बाईंनी पहिल्या दिवशी स्वतःला शेपटीत घालून घेतलं, मुद्दाम नाकात पाणी ओढलं, ठसकत वर आल्या आणि मग कुठे होकार दिला.

हे कापड विणलं जायचं गावातच. मृदाचे वडील धनपाल चौगुले त्याच मागांवर काम करत. मृदा चार वर्षांची असताना टेम्पोच्या धडकेत तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. पाय आहेत, पण त्यांना निरोप पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धनपाल वर्गात प्रवेश मागायला आले तेव्हा बाईंनी हात जोडले. हिच्या पायांत धाग्याला काही ऐकूच येणार नाही, मग संकटात शेपटी उघडणार कशी? धनपाल महिनाभर येत राहिले. शेवटी बाईंनी मृदाच्या शेपटीला खांद्यापर्यंत येणारी एक ओढदोरी शिवून घेतली आणि ती पाण्यात असेल तेव्हा आपण हाताच्या अंतरावर राहायचं असं ठरवलं. दोन फेऱ्यांची अट मात्र सोडली नाही. मृदाने त्या नुसत्या हातांनी पुऱ्या केल्या. अकरा मिनिटं लागली. तोवर बाकीची मुलं काठावर बसून राहिली, आणि कुणी कुरकुरलं नाही.

शेपटीत मात्र ती सगळ्यांच्या पुढे होती. जलपरीच्या पोहण्यात लाट छातीतून निघते आणि खाली उतरत जाते. वेगळ्या पायांचा तिथे कुणालाच उपयोग नसतो. शनिवारचा वर्ग संपला की मृदाचा मंगळवारचा ध्यास सुरू व्हायचा. मध्ये दोनच दिवस, पण ते तिला सरता सरत नसत. वर्ग संपल्यावर ती शेवटच्या पायरीवर शेपटी पाण्यात सोडून बसून राहायची, आणि बाई तीनदा हाक मारेपर्यंत ती काढू द्यायची नाही. वर धनपाल रिकामी खुर्ची धरून उभे असत. लेक मजेत आहे याचा आनंद त्यांना होताच. पण ते बघत असायचे ते शेपटीच्या आत झाकलेल्या पायांकडे.

त्या शनिवारी बाईंनी तळाशी पितळी कड्या टाकल्या होत्या. मृदाने तिसरी कडी उचलायला बुडी मारली, तिच्या नाकात पाणी गेलं, ती दचकली. बाईंचा हात ओढदोरीकडे जाण्याआधीच शेपटी उकलली आणि निळं कापड पाण्यात पसरलं. बाईंनी तिला उचलून काठावर बसवलं. तिला काही झालं नव्हतं, पण ती रडत होती. तिला वाटत होतं, आपल्या हातून शेपटी फाटली.

बाईंचा चेहरा उतरला होता. आपोआप उघडलेली शेपटी म्हणजे सदोष शेपटी. ती परत जाणार, आणि चौकशी होईपर्यंत मृदाचा वर्ग बंद. त्यांनी तसं धनपालना सांगितलं. धनपालनी कापड मांडीवर घेतलं आणि उकललेली कड बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली. मागावर धागा तुटला की त्यांची बोटं तो अशीच शोधत. डाव्या मांडीजवळ बोटं थांबली.

"बाई, तुटलेला धागा पिंजतो. ह्याचं टोक बघा, गुळगुळीत हाय. ह्यो तुटलेला न्हाई, सुटलाय," ते म्हणाले. "आतनं सांगितल्याबिगर ह्यो सुटत न्हाई. मीच विणतोय की रोज."

बाईंनी टोक उन्हात धरून पाहिलं. मग त्या मृदाच्या पायांशी खाली बसल्या. दचकल्याच्या त्या एका क्षणी आपले पाय चालत नाहीत हेच मृदा विसरली होती. आणि हुकूम पोचला होता. पाय हलवण्याइतका जोरकस नव्हे, पण धाग्याला ऐकू येण्याइतका.

धनपालनी बाईंना चार पावलं बाजूला नेलं. सहा वर्षं त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, वर्गातल्या जागेखेरीज. आता मागितलं.

"परत एकदा घाबरवता येईल का तिला?"

बाईंना त्यांचा राग आला नाही. आपलं मूल असतं तर आपणही हेच विचारलं असतं, हे त्यांना कळत होतं. पण पाण्यात कुणी घाबरू नये म्हणून त्यांनी आयुष्यातली सतरा वर्षं घातली होती. त्यांनी नाही म्हटलं. भीतीविना होतंय का ते बघू, म्हणाल्या, आणि मंगळवारी त्याच धाग्याची वीतभर रुंद पट्टी विणून आणायला सांगितलं.

मंगळवारी धनपाल पट्टी घेऊन आले. मृदा पायरीवर बसली, गुडघाभर पाण्यात. बाईंनी तिच्या दोन्ही घोट्यांभोवती पट्टी गुंडाळली आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. लहानपणी पप्पा मागावरून घरी येताना दिसले की गल्लीच्या टोकापर्यंत पळत जायचीस असं ते सांगतात, ते आठव, म्हणाल्या.

मृदाने डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या घोट्यावरची पहिली गाठ, कुणी हातही न लावता, हलकेच सुटली.

धनपालनी तोंडावर हात धरला. मृदाने डोळे उघडून सुटलेल्या गाठीकडे पाहिलं. तिला आनंद झाला होता, पण ती हसली नाही. ती हुशार मुलगी होती.

"बाई, पाय असे अधूनमधून जागे व्हायला लागले, तर शेपटी पाण्यात सारखी उघडणार ना?"

"हो."

"मग मला शेपटी घालता येणार नाही."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण वर्गात कधी कुणाशी खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा एक नियम होता. पाय पुरते ताब्यात येईपर्यंत नाही, त्या म्हणाल्या. किती दिवस, असं मृदाने विचारलं. वर्षं लागतील, बहुधा पुष्कळ, असं त्यांनी सांगितलं.

मृदा पाण्याकडे बघत राहिली. पलीकडे तिचे पाच सोबती शेपट्या घालून तिची वाट पाहत होते. तिची जोडीदार तळहात पुढे धरून बसली होती. "शेपटीत मी सगळ्यांच्या पुढं असते," ती हळूच म्हणाली. "पायांनी सगळ्यांच्या मागं."

धनपाल पायरी उतरून पँटसकट पाण्यात आले आणि लेकीसमोर बसले. त्यांनी पट्टीची उरलेली गाठ दोन बोटांत नाजूकपणे धरली. आणखी एकदा, बाळ, इतकंच त्यांचे डोळे सांगत होते. मृदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसरी गाठ सुटली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सुनेत्राबाई पाण्यात उभ्या राहून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या. हुकूम पायांपर्यंत पोचत नव्हता, की मृदा तो देतच नव्हती?